‘ऐकला’चा रकाना

टोरोंटोत वय न बघता सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात. ऑफिसात ते अंगवळणी पडलं. पण आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींत सगळ्यात ज्येष्ठ असलेल्या बाईंना नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते, म्हणून इथेही आजीच.

मेच्या शेवटच्या शनिवारी आजींना 85 वर्षं पूर्ण झाली. हॉल, केक, भाषणं यातलं काही नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मग आम्ही ठरवलं, की सकाळी लेस्ली स्पिटवर जमायचं आणि प्रत्येकाने आजींना एकेक पक्षी दाखवायचा.

या जागेबद्दल सांगायलाच हवं. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि खोदकामाची माती ऑन्टारिओ सरोवरात टाकत गेले. बंदरासाठी लाटा अडवायचा बांध हवा होता. बंदर काही वाढलं नाही, पण पाण्यात 5 किलोमीटर घुसलेली ही जमिनीची पट्टी तशीच राहिली. वाऱ्याबरोबर बिया आल्या, कॉटनवुडची झाडं उगवली, पाठोपाठ पक्षी आले. आजवर इथे 300हून अधिक जातींची नोंद झाली आहे. काठावर अजूनही लाटांनी झिजून गोल झालेल्या विटा सापडतात. आजी इथे यायला लागल्या तेव्हा त्यातली कित्येक झाडं त्यांच्या खांद्याएवढी होती. खासगी गाड्यांना आत मनाई असल्यामुळे त्या आजही चालतच जातात.

माझी-त्यांची ओळख इथलीच. कॅनडातलं माझं पहिलं वर्ष होतं. संध्याकाळी डोक्यावरून ‘क्वॉक’ असा आवाज गेला आणि मी वर न बघताच मराठीत ओरडले, “रातबगळा!” शेजारच्या बाईंनी विचारलं, काय म्हणालात? आपल्याकडे तळ्याकाठी दिसतो तोच हा पक्षी, अगदी तीच जात, इथे शेकड्यांनी वीण करतो हे त्यांनी मला सांगितलं. मग त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि त्यात देवनागरीत ‘रातबगळा’ लिहून घेतलं. परक्या देशात त्या दिवशी मला किती बरं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही.

आजींची नजर अजून तीक्ष्ण आहे. कान मात्र थकले. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात, आणि कित्येक छोट्या पक्ष्यांची गाणी नेमकी तिथेच असतात. मुरलेल्या निरीक्षकाला हे कबूल करणं फार जड जातं, कारण झाडी दाट झाली की निम्मे पक्षी कानानेच कळतात. जो ऐकू आला नाही तो नव्हताच, अशी नोंद होते. आजींनी एका सकाळी सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं, “आजपासून बारीक आवाजाचे पक्षी तुम्ही ऐकायचे आणि मला सांगायचे.” मला त्यांचं खरं मोठेपण इथे वाटतं. त्या दिवसापासून त्यांच्या वहीत दोन रकाने आहेत, ‘पाहिला’ आणि ‘ऐकला’. ‘ऐकला’च्या रकान्यात ज्याने ऐकला त्याचं नाव. नाताळच्या पक्षीगणनेत (ती 1900 साली सुरू झाली आणि त्या पहिल्याच वर्षी झालेल्या 25 ठिकाणच्या गणनांत टोरोंटो होतं) डिसेंबरच्या कडाक्यात आमची जोडी असते. डोळे त्यांचे, कान माझे.

वाढदिवशी कुणी त्यांना घरट्यातले पाणकावळे दाखवले, कुणी पिवळा वॉर्बलर. माझी पाळी आली तेव्हा कॉटनवुडच्या शेंड्यातून सुईसारखा बारीक आवाज आला. ब्लॅकपोल वॉर्बलर! वसंतात उत्तरेकडे जाताना हा अगदी शेवटी येतो. वजन जेमतेम 12 ग्रॅम, पण शरदात अटलांटिक महासागरावरून न थांबता अडीच हजार किलोमीटरच्या आसपास उडत जातो. त्याचं गाणं 8 हजार हर्ट्झच्या वरचं. आजींना ते ऐकू येऊन कैक वर्षं झाली.

मी बोट दाखवलं. त्यांनी दुर्बीण लावली आणि दोन क्षणांत काळ्या टोपीचा नर शोधला.

“चोच उघडतोय. गातोय का?”

“हो.”

“कसा?”

काय सांगणार? मी त्यांचा मोकळा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने ठेका धरला. आधी हलकेच, मग जोरात, मग पुन्हा हलकेच विरत जाणारा. वर तो गात होता, खाली माझं बोट चालत होतं. त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. तो उडून गेल्यावरच वही उघडली, ‘पाहिला’मध्ये एक खूण केली, ‘ऐकला’मध्ये माझं नाव लिहिलं, आणि जरा थांबून त्याच्याशेजारी स्वतःचंही.