आमची वाटचाल : सोलापूर ते पंढरपूर, घोड्यावरून

वरातीला घोडे देण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. आता मुख्य काम लांबच्या सफरींचं आहे. सोलापूर, कामती, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर असा तीन दिवसांचा रस्ता. रोज २५ ते ३० किलोमीटर. लॉज वाटेत मिळतील, पण घोडा बांधायला जागा आणि वैरण मिळते ती शेतकऱ्याच्या वस्तीवरच. हा धंदा त्या वस्त्यांच्या जिव्हाळ्यावर उभा आहे. आपला भार त्यांच्यावर पडू नये, ही आमची पहिली जबाबदारी.

अकलूजच्या घोडेबाजारात देवमण आणि भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची शुभ-अशुभ मानली जाणारी वळणं, बघून घोड्याची किंमत वाढते. लांब पल्ल्याला आम्ही आधी खूर आणि पाठ बघतो. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो, बस्स. नमद्याला, म्हणजे खोगिराखालच्या जाड घडीला, एक चुणी राहिली तरी संध्याकाळपर्यंत घोड्याची पाठ सोलवटते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळायचा नाही. थोडं चालवून पुन्हा बघायचा. मुक्कामावर तंग सैल करून घोडा थोडा निवू द्यायचा, मगच खोगीर उतरवायचं. अर्ध्या तासात नाडी मिनिटाला ६४ च्या खाली आली नाही, तर चाल जास्त झाली असं समजायचं.

आमच्या सफरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच असतात. पावसात मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला चिखल खुरात भरतो, नाल निखळतात. उन्हाळ्यात अडचण पाण्याची. हिवाळ्यातसुद्धा एक घोडा दिवसाला २५ ते ३५ लिटर पाणी पितो. पाच घोड्यांचं दीडशे लिटरच्या आसपास जातं. टँकरवर चालणाऱ्या गावातही यजमान ‘नाही’ म्हणत नाहीत. म्हणूनच तिथं मुक्काम मागायचाच नाही.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती चाऱ्याची. दिवसभर चालून आलेलं मुकं जनावर बघून मावशी भाकरी, भरडा, गोळी पेंड जे असेल ते पुढं करतात. त्यांचं मन मोडवत नाही, तरी थांबवावं लागतं. घोड्याला ओकता येत नाही. एकाएकी बदललेल्या किंवा जास्तीच्या दाण्यानं पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते. गाईम्हशींच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला थोडंही जीवघेणं ठरतं. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कोवळे फुटवेही दूर ठेवायचे, त्यात विष असतं. म्हणून मुक्काम ठरवतानाच फोनवर सांगतो : दाणा आमच्या तोबऱ्यातला (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीतला), तुमच्याकडून फक्त सुका चारा आणि पाणी. एका घोड्याला दिवसाला सातेक किलो सुका चारा, तीन-चार वेळा विभागून. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला सोबत असतो, कुणी मागितला तर दाखवतो.

घोडे गोठ्यापासून लांब, अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, लावून बांधायचे. धान्याच्या पोत्यांजवळ कधीच नाही. भाकरीचे पैसे घ्या म्हटलं तर काका रागावतात, ते आम्ही विचारतही नाही. वैरणीचे मात्र गावातल्या चालू भावानं, रात्रीच चुकते करतो. सकाळच्या निघण्याच्या गडबडीत ‘राहू द्या’ म्हणून विषय मिटवला जातो. लीद गोळा करून त्यांच्या उकिरड्यावर टाकायची, खुंट्यांचे खड्डे बुजवायचे, मग पुढच्या वस्तीला फोन : किती माणसं, किती घोडे, साधारण किती वाजता.