आखाडातली टर्की: चार पक्ष्यांची नोंद

चौथी टर्की परवा झाली आणि पहिल्यांदाच पातेल्यात काही उरलं नाही. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. पहिल्या तिघांच्या वेळच्या चुका मी पुन्हा करेन, इतका विसराळू आहे.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. टर्की तासगावच्या बाजूच्या एका द्राक्षबागायतदाराकडून आणतो. त्यानं देशी कोंबड्यांच्या शेडमध्ये हौसेखातर दहा-बारा टर्की सांभाळल्यात. त्याच्याकडं पुण्याहून मागणी येते ती नोव्हेंबर-डिसेंबरात. अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, पाठोपाठ नाताळ. जानेवारी लागला की चिटपाखरू फिरकत नाही आणि नर आपले पिसारा फुलवून मका खात बसतात. "न्या की सर एखादी, खाऊन खाऊन मलाच खायला उठल्यात," असं तो म्हणाला आणि हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं.

पहिल्या पक्ष्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जिवंत साडेसहा किलोचा नर होता. चिकनच्या दुकानात दिला आणि मी फोनवर बोलत बाहेर उभा राहिलो. आत त्यांनी रोजच्या सवयीनं कातडी ओढून काढली. आपल्याकडं कोंबडी साफ करायची म्हणजे पिसं कातडीसकटच जाणार, त्यात त्यांचा काय दोष? पण टर्कीच्या छातीत चरबी जवळपास नसतेच, जी काय असते ती कातडीखाली. शिवाय माझ्या पंचेचाळीस लिटरच्या ओटीजीचं, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचं, दार लागेना, तंगड्या काचेला टेकल्या. शेवटी तुकडे करून रस्सा केला. छातीचे तुकडे खाताना भुसा चावल्यासारखं वाटत होतं. आता मी स्वतः समोर उभा राहतो. पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवायचं, पक्षी त्यात बुडवायचा आणि पिसं उपटायची. उकळत्या पाण्यात घातला तर कातडी फाटते.

दुसरा पक्षी मार्चमधला. यावेळी कातडीसकट, अख्खा आणि जुनं पिंप उभं चिरून वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या भट्टीत. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून कोरडं मीठ चोळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं ठरवलं. किलोला १५ ग्रॅम मीठ. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग ते खारं पाणी हळूहळू मांसात परत मुरतं आणि भाजताना रस धरून ठेवतं. याला वेळ लागतोच, घाई चालत नाही.

आणि इथं खरी अडचण आली. रविवारी भाजायची म्हणजे शुक्रवारी मीठ लावणार, मध्ये शनिवार. आईनं फ्रीज उघडला.

"हे काय हाय?"

"टर्की."

"उद्या मारुतीचा वार हाय. ह्या घरात शनिवारी असलं फ्रीजमदी ऱ्हाणार न्हाई."

बुधवार-शुक्रवार म्हटलं तर मध्ये गुरुवार, दत्ताचा. रविवार-मंगळवार म्हटलं तर सोमवार महादेवाचा आणि मंगळवार अंबाबाईचा. कॅलेंडर घेऊन बसलो, पण आठवड्यात वार न मोडता ४८ तास सलग मिळत नाहीत. शेवटी थर्माकोलचा खोका आणला, रोज दोनदा बर्फ, आणि तो गच्चीवरच्या खोलीत. गच्ची आईच्या हद्दीत येत नाही, असं ती स्वतःच म्हणाली. खोक्यात थर्मामीटर ठेवून ४ अंशांच्या वर काटा जाऊ दिला नाही, उन्हाळ्याच्या तोंडावर तेवढी काळजी घ्यायलाच हवी.

भाजल्यावर दिसायला देखणी झाली. तांबूस, चकचकीत, शेजाऱ्यांनी फोटो काढले. पण खायला बसल्यावर तेच. मांडीच्या सांध्याजवळ ८२ अंश भरले तेव्हा छातीत ८७ झाले होते. छाती कापसासारखी कोरडी.

खरं तर यात नवल काहीच नाही. छातीचं मांस आणि तंगडीचं मांस, दोन वेगळ्या जिनसा एकाच हाडांवर बांधलेल्या आहेत. खायला निर्धास्त व्हायला दोन्हींना ७४ अंश पुरतात. पण छाती तिथंच थांबली तर रसरशीत, आणि तंगडी तिथं थांबली तर रबर. तंगडीतल्या चिवट धाग्यांचं पाघळून जिलेटिन व्हायला ८० च्या पुढं बराच वेळ लागतो. अख्खा पक्षी ताटात मिरवायचा म्हणून लोक छातीला फॉइल बांधतात, पक्षी उलटा ठेवतात, काय काय करतात. पण आपल्या ताटात तो मिरवायला सांगितलाय कुणी? ना नाताळ, ना पाहुणे, ना सुरी घेऊन उभा असलेला यजमान. सण नाही हाच आपला फायदा. तिसऱ्या पक्ष्याला मी सरळ सुरी लावली.

एप्रिलमध्ये तासगावकडं द्राक्षाची खरड छाटणी चालू होती, बांधावर काड्यांचे ढीग. धुरासाठी फुकटचं लाकूड म्हणून हरखलो, पण त्या कोवळ्या काड्यांवर वर्षभराच्या फवारण्या बसलेल्या असतात. नको. मावसभावानं जुनी बाग मुळापासून काढली होती, तिची मनगटाएवढी खोडं आणली, साल पूर्ण तासली आणि महिनाभर वाळवली. बाभळीचा कोळसा एका बाजूला, त्यावर दोन खोडं, छाती दुसऱ्या बाजूला, झाकण बंद. भट्टीत १५० अंश. वर मीठ, मिरी, सांगलीची हळद आणि चिमूटभर गूळ. गूळ पुढच्या वेळी नाही, तो करपून कडू डाग पडले. सव्वा किलोच्या छातीला पावणेदोन तास लागले. ७० ला बाहेर काढून झाकून ठेवली, पंधरा मिनिटांत काटा आपोआप ७४ वर गेला. कापली तेव्हा लाकडी पाटावर पाणी सुटलं. एवढं साधं पाणी बघून माणसाला इतका आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

तंगड्यांचं एक सांगायलाच हवं. टर्कीच्या पायातल्या शिरा वयाबरोबर हाडासारख्या कडक होतात, सायकलच्या तारेसारख्या. शिजवून मऊ होत नाहीत. खालच्या सांध्याजवळ गोल चीर द्यायची, पांढरी टोकं दिसली की पक्कडीत धरून एकेक उपसायची. पहिली ओढताना मी अक्षरशः पाय देऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, दातांच्या डॉक्टरांनाच बोलवायचं होतं."

नावाची एक गंमत. पोर्तुगीजांत टर्कीला पेरू म्हणतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग पेरूच आणायचास की. तिकडं तुर्कस्तानात याच पक्ष्याला हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातला, म्हणतात. मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोकडं माणसाळवलेला, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या अंगणात ढकलला. आपल्याकडं मात्र तो नवा नाही. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान यानं गोव्याहून आणलेल्या जनावरांत टर्की होती. जहांगीरनं ती आपला दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून चितारून घेतली. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे खाण्याआधी बघण्याची प्रथा जुनीच.

आता चौथा पक्षी. आखाड, धुवांधार पाऊस, गल्लीत जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर ते विचारतोय. गच्चीवरची भट्टी ओलीचिंब, त्यामुळं सगळं मागच्या पत्र्याखालच्या चुलीवर केलं. मादी घेतली होती, साफ करून साडेतीन किलो. नरापेक्षा मादी कवळी लागते, हे आता पक्कं. छाती पातळ कापून तव्यावर तुपात, दोन मिनिटांत काम. तंगड्यांचं सुकं: कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, मंद जाळावर अडीच तास. कुकरमध्ये एकदा करून बघितलं होतं, पाच शिट्ट्यांत दोरे सुटले. वेळ नसेल तर सरळ कोंबडी आणा.

पण हाडं हीच खरी कमाई. पाठ, मान, पंखांची टोकं, सगळं पातेल्यात, कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि तीन तास. कोंबडीपेक्षा दाट, थंड झालं की थरथरणारं अळणी, म्हणजे मसाला न घातलेलं हाडांचं पाणी. अर्ध्याला नारळाचं दूध, खसखस आणि काजूचं वाटण लावून पांढरा रस्सा केला, अर्धं तसंच ठेवलं. आईनं आधी वाटीत बोट बुडवून चाखलं. मग वाटी पुढं केली. मग दुसऱ्यांदा.

"मटनाची सर न्हाई," ती म्हणाली, आणि तिसरी वाटी घेतली.

श्रावण लागायला अकरा दिवस आहेत. फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात अजून एक तंगडी आहे, शिरा काढलेली. बुधवारी तिचं काय करायचं ते आईच सांगणार आहे.