गिरण्यांत एकच युनियन का चालायची?

मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या 1982 च्या संपाबद्दल बोलताना संपाचे नेते दत्ता सामंतांचं नाव निघतं, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचं क्वचितच. खरी गाठ तिथे आहे. या कायद्यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक युनियन’, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकांशी बोलणी करण्याचा हक्क असलेली युनियन. अट, सलग तीन महिने किमान 25 टक्के सभासद. (मूळ कायद्यात हे प्रमाण 15 टक्केच होतं.)

मोजणी गुप्त मतदानाने नाही. युनियनची सभासद-नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, आणि त्यावर रजिस्ट्रारचा शिक्का. म्हणजे कामगाराचं मन कुठे आहे हे नाही, पावती कुणाची फाटली हे बघायचं. मुंबईच्या गिरण्यांत हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. त्याने केलेला करार सभासद नसलेल्यांवरही बंधनकारक.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तरी मालकांना सामंतांशी बोलणं कायद्याने भाग नव्हतं. म्हणूनच मागण्यांत पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा, हीही मागणी होती. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही.