आधी वाट, मग ओझे

१७ फेब्रुवारी, व्हाइटहॉर्स

हिममापनाच्या कामासाठी घेतलेली नवी स्नोमोबाइल, म्हणजे हिमावर चालणारी गाडी, आज आमच्या ताब्यात आली. कॅनडाच्या वायव्येकडील युकॉनमध्ये मार्च, एप्रिल आणि मे या महिन्यांच्या पहिल्या तारखेच्या आगेमागे ठरलेल्या जागी जाऊन साचलेले हिम मोजतात आणि त्यावरून उन्हाळ्यात नद्या-तळ्यांना किती पाणी येईल याचा अंदाज बांधतात. २०२१ साली दक्षिण युकॉनच्या डोंगरांवर विक्रमी हिम साचले होते आणि त्या उन्हाळ्यात मार्श लेक व लेक लबार्ज यांच्या काठच्या वस्त्यांना वाळूच्या पोत्यांचे बांध घालून पाणी थोपवावे लागले. तेव्हापासून या आकड्यांकडे इथली माणसे फार आस्थेने पाहतात. कोयनानगरला पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत वाढलेल्या मला ही आस्था परकी वाटत नाही. धरणात किती पाणी येणार, हा प्रश्न आमच्या घरी पावसाळाभर जेवणाच्या पाटावरही असायचा.

आमच्याकडे असलेल्या मोजणीच्या जागांपैकी काही ठिकाणी रस्ता नाही आणि आखलेली वाटही नाही. तेथवर जायचे तर स्प्रूसच्या जंगलातून, दलदलींवरून आणि गोठलेल्या ओढ्यांवरून न तुडवलेल्या हिमातच गाडी घालावी लागते. म्हणून ही गाडी मुद्दाम कामाची घेतली आहे. आखीव वाटांवर वेगाने पळणाऱ्या स्नोमोबाइलचा रबरी पट्टा साधारण १५ इंच रुंद असतो. हिचा २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याच्या पूर्ण वेढ्याची लांबी १५४ इंच, म्हणजे चार मीटरला थोडी कमी आहे. स्की, म्हणजे पुढच्या घसरत्या फळ्या, रुंद आहेत, आसन लांब आहे, मागे सामानाचा रॅक आणि ओढायच्या स्लेजसाठी भक्कम आकडा आहे. गिअर हाय, लो, न्यूट्रल आणि रिव्हर्स असे आहेत. इंजिन तीन सिलिंडरचे, चार-स्ट्रोक, ९०० घनसेंटिमीटरचे आहे.

आज अंगणातच तिच्याभोवती फिरून ग्रीसच्या जागा, इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत पोचवणाऱ्या बेल्टचे झाकण, पट्ट्याचा ताण आणि दिव्याच्या तारा पाहिल्या. बेल्ट काढून पुन्हा चढवला आणि मग हातमोजे घालून तेच पुन्हा केले, कारण उणे तीसमध्ये बेल्ट तुटला तर तो उघड्या हातांनी बदलता येत नाही.

१९ फेब्रुवारी

शहराबाहेर, तुडवलेल्या वाटेपासून जरा आत, मोकळ्या जंगलात पहिली फेरी झाली. सकाळी उणे २८ होते.

सुरुवात करण्यापूर्वीचे सोपस्कार या गाडीने बदलले. आमची जुनी गाडी दोन-स्ट्रोक आणि पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारी होती. बॅटरीने दगा दिला तरी दोरी ओढून ती सुरू करता येत असे. या गाडीला दोरीच नाही, म्हणून बॅटरी जिवंत ठेवणे हे आता पेट्रोल बरोबर घेण्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे. सुरू करण्याचा छोटा पॉवर पॅक मी यापुढे जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवणार आहे. किल्ली फिरवण्याआधी अंगठ्याने थ्रॉटल, म्हणजे गॅसचा खटका, दाबून तो आपोआप परत येतो की नाही हे पाहायचे, कारण केबलमध्ये बर्फ धरला असेल तर गाडी सुरू होताच सुसाट सुटते. त्यानंतर मागचा बंपर धरून शेपटीकडचा भाग एकदा उचलायचा आणि सोडायचा, म्हणजे रात्रभरात चाकांच्या आणि रुळांच्या मध्ये गोठलेला पट्टा मोकळा होतो. हे न करता गॅस दिला की सगळा ताण बेल्टवर येतो. माझे सहकारी शिकारीच्या सापळ्यांच्या वाटांवर लहानाचे मोठे झालेले आहेत, वयाने आणि अनुभवाने माझ्याहून कितीतरी मोठे. ते गाडी कधीच थेट हिमावर उभी करत नाहीत. स्प्रूसच्या दोन बारीक खोडांवर चढवून ठेवतात. आज त्यांनी नव्या गाडीखाली तीच खोडे मापाने थोडी दूर सरकवून ठेवली, आणि मला वाटते की त्यांच्या लेखी गाडी तेव्हाच आपली झाली.

खोल हिमात गाडी घातल्यावर पहिल्यांदा जाणवला तो तिचा संथपणा. लो गिअरमध्ये माणूस भरभर चालेल तितक्या वेगाने ती न कुरकुरता चालते, आणि तरीही बुडत नाही. तिचे वजन माझ्यासकट चारशे किलोच्या वर जात असेल, पण ते इतक्या मोठ्या पट्ट्यावर पसरते की, मी खाली उतरून एक पाऊल टाकले तेव्हा मांडीपर्यंत आत गेलो आणि गाडी मात्र शेजारी हातभर खोल गादी करून उभी होती. हलक्या, खेळाच्या गाड्यांना खोल हिमात तरंगत राहायला वेग लागतो, आणि दाट झाडांमध्ये तोच वेग अंगावर येतो. माझ्या मते कामाच्या गाडीचा सगळ्यांत मोठा गुण हाच आहे की, पुढच्या झाडाकडे पाहून विचार करायला ती माणसाला वेळ देते.

या रुंदीची किंमतही आहे. वळताना पट्टा गाडीला सरळ पुढे रेटत राहतो, आणि स्की वळवूनही गाडी तशीच घसरत जाते. अशा वेळी क्षणभर गॅस सोडायचा, अंगाचा भार पुढे स्कींवर टाकायचा आणि मग हलकेच पुन्हा गॅस द्यायचा. आडव्या उतारावर ती कलायला तयार नसते. चढाच्या बाजूच्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून, गुडघा आसनावर टेकवून आपले सगळे वजन वरच्या अंगाला लटकवावे लागते, तेव्हा कुठे ती रेषा सोडत नाही. रिव्हर्स मात्र मनापासून आवडला. मागे जाताना पट्ट्याचा मागचा भाग सांध्यातून वर उचलला जातो, त्यामुळे तो हिमात खोदत न जाता हिमावर चढतो, आणि अडचणीच्या जागेतून माघार घेणे शक्य होते.

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी वाचत बसलो होतो. क्वेबेकमधील व्हाल्कूर गावच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते हिमाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. हिमावर चालणारे वाहन बनवण्याची त्यांची खटपट त्याआधीपासून चालू होती. दातेरी चाकाने फिरणाऱ्या पट्ट्याचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले आणि त्यावर सात जण बसतील अशी बंद गाडी त्यांनी तयार केली. एकट्यादुकट्याने चालवायची हलकी स्की-डू १९५९ साली आली. पुढे ती खेळाचे साधन झाली खरी, पण त्या काळी ती डॉक्टर, मिशनरी, सापळे लावणारे शिकारी आणि सर्वेक्षक यांच्या उपयोगी पडावी हाच हेतू होता. उत्तरेकडच्या वस्त्यांत कुत्र्यांच्या गाड्यांची जागा तिने काही वर्षांतच घेतली. अंगणातल्या आमच्या गाडीकडे यानंतर जरा वेगळ्या आदराने पाहिले, हे नमूद करून ठेवतो.

२३ फेब्रुवारी

आज तळे आणि ओढा. वाऱ्याने झाडून निघालेल्या तळ्यावर इंजिनचे तापमान चढू लागले. पाण्यावर थंड होणाऱ्या या इंजिनाची उष्णता पट्ट्याच्या वरच्या बोगद्यातल्या नळ्यांमधून बाहेर जाते, आणि पट्ट्याने उडवलेले भुसभुशीत हिम त्या नळ्यांवर आदळत राहिले तरच ती जाते. कडक बर्फावर उडायला हिमच नसते. त्यासाठी बाजूला बर्फ खरवडणारे तारेचे दात असतात. ते खाली सोडले की बर्फ खरवडून त्याचा भुगा वर फेकतात. गाडी मागे घेताना ते आधी उचलून ठेवावे लागतात. जुन्या पंख्याच्या गाडीला याची काहीच फिकीर नव्हती, आणि या एका बाबतीत तिची आठवण येते.

ओढ्यावरचा धोका वेगळा. वर साचलेल्या हिमाच्या भाराने बर्फाचा थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाच्या पांघरुणाखाली ते उणे तीसमध्येही न गोठता राहते. वरून सगळे सारखेच पांढरे दिसते. गाडी त्यात गेली की पट्टा चिखलासारख्या ओल्या हिमात फिरतो, आणि थांबलात तर तेच हिम पट्ट्यात, चाकांत आणि स्कींवर गोठून गाडी जागीच जखडते. म्हणून ओढ्याच्या काठी उतरून, काठीने हिम भोसकून, काठीच्या टोकाला ओल लागते का ते पाहून मगच पुढे जायचे. आज दोन जागी ओल लागली. दोन्ही ठिकाणी आम्ही वळसा घेऊन जंगलातून गेलो आणि त्यात दुपार गेली, तरी मला तो वेळ वाया गेला असे वाटले नाही.

२६ फेब्रुवारी

या गाडीचे खरे काम काय, हे आज नीट उमगले.

इथले हिम खोल असले तरी घट्ट नसते. जमिनीलगतचे हिम शून्याच्या आसपास राहते आणि वरची हवा उणे तीसवर जाते. या फरकामुळे खालच्या थरातली वाफ वर सरकत राहते आणि मूळच्या बारीक पाकळ्यांचे मोठे, कोरडे, टोकदार दाणे होतात. ते हातात घेतले तर साखरेसारखे बोटांतून गळून जातात. त्यांचा गोळा होत नाही. अशा हिमावर एकट्या गाडीचा निभाव लागतो. मागे ओझ्याची स्लेज लावली की पट्टा एका जागी फिरून खड्डा खणू लागतो. तेथे जास्त गॅस देणे म्हणजे खड्डा आणखी खोल करणे.

सहकाऱ्यांची रीत अशी की पहिल्या दिवशी स्लेज घ्यायचीच नाही. रिकामी गाडी घेऊन जायचे, जिथे चढ आहे तिथे आधी बाजूने उतरता मार्ग शोधायचा, थांबायचे ते नेहमी उताराकडे तोंड करून, आणि वळायच्या जागी मोठे गोल फेरे घेऊन हिम दाबून ठेवायचे. येताना त्याच रेषेवरून, पण पट्ट्याची अर्धी रुंदी बाजूला सरकून यायचे, म्हणजे वाट रुंद होते. मग ती वाट रात्रभर तशीच सोडायची. दाबल्यामुळे दाणे मोडतात, एकमेकांना चिकटतात, खालचे उबदार आणि वरचे थंड हिम एकत्र होते, आणि काही तासांत ते दाणे जोडले जाऊन कडक फरसबंदी तयार होते. काल आम्ही अशी वाट केली. आज सकाळी त्यावर पाय दिला तर तो घोट्यापर्यंतही रुतला नाही, आणि एक हात बाजूला काठी घातली तर ती सरळ जमिनीपर्यंत गेली. भरलेली स्लेज त्या वाटेवरून गाडीने लो गिअरमध्ये, आवाज न चढवता ओढत नेली.

२४ इंचांच्या पट्ट्याचा उपयोग मला इथे कळला. तरंगणे हा त्याचा अर्धाच गुण. तो जी वाट मागे ठेवतो ती स्लेजच्या रुंदीला पुरते, त्यामुळे स्लेजच्या कडा मऊ हिमात उतरून ती कलंडत नाही. जुन्या गाडीच्या अरुंद वाटेवर आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागत आणि तरीही स्लेज एका अंगावर झुकलेली असे. नव्या गाडीची चर्चा निघाली की लोक अश्वशक्ती विचारतात. बिनवाटेच्या कामासाठी कोणी मला विचारले तर मी आधी पट्ट्याची रुंदी, मग लो गिअर, मग रिव्हर्स पाहायला सांगेन आणि अश्वशक्तीचा विषय सगळ्यांत शेवटी काढेन.

२८ फेब्रुवारी

पहिली मोजणी पार पडली. ॲल्युमिनियमची दातेरी तोंडाची नळी हिमात जमिनीपर्यंत फिरवत घालायची, खोली वाचायची, नळीच्या तळाशी मातीचे बूच आले आहे ना ते पाहायचे आणि हिमासकट नळी काट्यावर टांगून वजन घ्यायचे. असे ठरलेल्या दहा बिंदूंवर करून सरासरी काढतात. ८० सेंटिमीटर हिमात १७० मिलिमीटर पाणी निघाले, तर घनता २१ टक्के झाली. नदीला किती पाणी येईल हे हिमाच्या उंचीपेक्षा हा पाण्याचा आकडा अधिक खरे सांगतो. मोजणीची रेषा गाडीने कधीही तुडवायची नाही, कारण तुडवलेल्या हिमाचा आकडा पुढची कित्येक वर्षे निरुपयोगी ठरला नाही तरी त्या हंगामापुरता नक्की बिघडतो. म्हणून गाडी पुरेशी दूर, खोडांवर उभी केली आणि शेवटचा टप्पा हिमपादुका बांधून चाललो.

एप्रिलच्या मोजणीपर्यंत दिवसा हिम वितळून रात्री त्यावर कडक पापुद्रा येऊ लागेल, तेव्हा निघायची वेळ पहाटेची ठेवावी लागेल आणि दुपार व्हायच्या आत परतावे लागेल. त्याआधी स्लेजचा आकडा दोन बोटे वर घ्यायचा आहे, कारण खोल वाटेच्या तळाशी तो आज घासत होता. दुसरा बेल्ट मागवून झाला आहे. दक्षिणेकडच्या उतारावरची वाट पुन्हा दाबावी लागेल. तिच्यावर परवाच्या वाऱ्याने हिम भरले असल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले आहे, तेव्हा सोमवारी रिकामी गाडी घेऊन आधी तिकडे.