उशीवर झोपलेला देव

आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे काही आठवडे रात्रीची पाळी माझी होती. तिचा आवाज इतका बसला होता की शेजारच्या खाटेपर्यंतही हाक पोचत नसे. मग मी जुन्या चादरीची लांब पट्टी फाडली, एक टोक तिच्या मनगटात सैलसर अडकवलं आणि दुसरं माझ्या. काही लागलं की ती पट्टी ओढायची आणि मी उठायचे. कधी घोटभर पाणी, कधी कूस बदलणं.

एका रात्री मी उठलेच नाही. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. आईचे ओठ कोरडे पडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. ‘झोप झाली का तुझी?’ एवढंच तिनं विचारलं. मला ते असं लागलं की न्हाणीघरात जाऊन मी रडले.

लहानपणापासून बायबलातलं 121वं स्तोत्र मला तोंडपाठ आहे. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. त्या दिवसांत मात्र ते म्हणवेना. न झोपणाऱ्या देवाला झोपेनं हरलेल्या माणसाचं काय कळणार, असं वाटे.

मग मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचताना मी एका शब्दाशी थांबले. दिवसभर शिकवून थकलेला येशू नावेत झोपला आहे, वादळ सुटलंय, नावेत पाणी भरतंय. ही गोष्ट मत्तय आणि लूक ही दुसरी शुभवर्तमानंही सांगतात, पण तो नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता, हे फक्त मार्क सांगतो. उशी! शिष्यांनी हलवून उठवेपर्यंत त्याला जाग येत नाही. ज्याच्याविषयी ते स्तोत्र आहे, तोच इथे गाढ झोपला आहे, असं आम्ही ख्रिस्ती लोक मानतो. हे पचायला सोपं नाही, आणि ख्रिस्ती मंडळीलाही ते सुरुवातीपासून जड गेलं. त्याचा देह नुसता भास होता, देव कुठे थकतो का, असं म्हणणारे पहिल्या पिढ्यांतच होते. पुढे चौथ्या शतकात अपोलिनारियस नावाच्या बिशपनं शिकवलं की देह खरा, पण त्यात मानवी मनाच्या जागी देवाचा शब्दच, म्हणजे देवपणच, होतं. हे 381च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं नाकारलं. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या बिशप ग्रेगरीचं उत्तर मला फार जवळचं वाटतं: जे ख्रिस्तानं धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. म्हणजे मनही त्यानं घेतलं, भीतीही घेतली, आणि डोळ्यांवर उतरणारी झोपही. 451 साली कॅल्सिडनच्या धर्मसभेनं सांगितलं की देवपण आणि माणूसपण यांची सरमिसळ नाही, त्यांत बदल नाही, फाळणी नाही आणि ताटातूटही नाही. वाक्य रुक्ष आहे, मान्य. पण त्या उशीवर डोकं ठेवून झोपणारा आणि उठून वाऱ्याला दटावणारा एकच आहे, हे त्याशिवाय म्हणता येत नाही.

आणि मग गेथशेमाने, येशूला अटक झाली त्या रात्रीची बाग. तिथे सगळं उलटं आहे. आता तो जागा आहे, व्याकूळ आहे, आणि पेत्र, याकोब, योहान या तीन शिष्यांना विनवतो, जरा माझ्याबरोबर जागे राहा. त्याला सोबत हवी होती. देवाला सोबत हवी होती, हे मी आजही सावकाशच म्हणते. तो तीनदा परत येतो आणि तिन्ही वेळा ते झोपलेले. पहिल्याच खेपेला तो म्हणतो, आत्मा उत्सुक आहे खरा, पण देह अशक्त आहे. हे त्यानं वरून सांगितलं असतं तर मला टोचलं असतं. पण हे नावेत तसाच गाढ झोपलेला सांगतोय. देह अशक्त असतो म्हणजे काय, हे त्याला अंगानं माहीत होतं.

आई गेल्यावर तिचं अंथरूण काढताना उशीखाली ती पट्टी सापडली. त्या रात्रीनंतर मी ती वापरलीच नव्हती, उशाशी बसूनच रात्र काढायचे. तिच्याकडचं टोक नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. गाठ सुटलेली नव्हती. हात तिनं हळूच बाहेर काढला होता.

येशू तिसऱ्यांदा परत येऊन जे म्हणतो, ते मूळ ग्रीकमध्ये दोन्हींपैकी कसंही वाचता येतं. ‘अजून झोपलाच आहात का?’ असा प्रश्न, किंवा ‘आता झोपा, विसावा घ्या.’ भाषांतरांत दोन्ही सापडतं. बरीच वर्षं मी ते रागावणं म्हणून वाचत होते. आता ते वाक्य आलं की मला आईच्याच आवाजात ऐकू येतं, त्या बसलेल्या आवाजात: झोप झाली का तुझी?