तुम्ही विचारलंत म्हणून: नानांकडे मुक्काम का नाही केला

"पंचवीस वर्षांनी सख्ख्या चुलत्याकडे गेलात आणि संध्याकाळी परत?" लग्नात विचारून झालं, फोनवर झालं, परवा तर तेराव्याच्या पंगतीत पण झालं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ग्रुपवरचा फोटो तुम्ही बघितलाय. दादा, म्हणजे माझे वडील, आणि नाना खुर्च्यांवर शेजारी शेजारी, मागे आम्ही सगळे हसतोय. फोटो खोटा नाहीये, फक्त पोचल्या पोचल्या काढलेला आहे.

कोयनेचं पाणी चढल्यावर कोण वर डोंगराला सरकलं आणि कोण सोलापूरकडे गेलं ते तुम्हाला माहितीये, ते सोडतो. धरणाने घर फोडलं असं मी पण कैक वर्षं सांगत आलो, सांगायला बरं वाटतं. पण पाण्यानंतरही पस्तीसेक वर्षं येणं-जाणं होतंच की! नाना यात्रेला यायचे, येताना ज्वारीचं पोतं. बंद झालं १९९९ नंतर, म्हणजे मला नोकरी लागल्यावर.

आता दाखल्याचं. धरणग्रस्त म्हणून सरकारी नोकरीत सवलत मिळते, पण घरातल्या एकालाच, आणि बाकीच्यांनी संमती द्यायची. नानांचा थोरला माझ्याच वयाचा. दादा एकदा जाऊन नानांची सही घेऊन आले आणि मी लागलो. यात चोरी कुठली? सही त्यांनी राजीखुशीने दिली होती, आणि मी २४ वर्षांचा, मला काय कळत होतं, असं मी बायकोला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. कळत होतं. फॉर्म मीच भरलेला, त्यात छापलेलंच होतं की एकालाच मिळणार.

तर त्या दिवशी. जेवणं झाली, दादांच्या गोळ्यांची वेळ झाली, कुठली आधी ते बघायला मी बॅगेतून त्यांची फाईल काढली, हिरवी प्लास्टिकची, दवाखान्याची. काकी ताटं उचलत होत्या. त्या फाईलकडे बघून थांबल्या, हात पदराला पुसले आणि नानांना म्हणाल्या, "अवो, चष्मा घ्या. सही करायची आसंल."

टोमणा नव्हता हो, तोच तर त्रास आहे. टोमणा असता तर मी भांडलो असतो. पाहुण्याला पाणी द्या म्हणावं तशा त्या बोलल्या. आणि नाना उठले! कोनाड्यातला चष्मा घेतला, एका काडीला दोरा बांधलेला, तो कानाला गुंडाळला आणि मला म्हणाले, "कुठं?"

मी म्हटलं, नाना, हे दादांचे रिपोर्ट आहेत.

"बरं." चष्मा काढला नाही. फाईल माझ्या हातातून घेतली आणि पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचत बसले, आम्ही सगळे बघतोय, दादा खाली मान घालून. मग म्हणाले, "दादा, साखर लई हाय तुझी."

यानंतर राहायचं कसं ते तुम्हीच सांगा. थोरला तर घरी आलाच नाही, लाईट दुपारचीच असते म्हणे, मोटर सोडून येता येत नाही. असेलही खरं. मी शेतावर जाऊन भेटू शकलो असतो, दहा मिनिटांची वाट. नाही गेलो. परतीला गाडीत दादा म्हणाले, "काकीचं मनावर घेऊ नको," आणि मला त्यांचाच राग आला, आणि तो राग तरी बरोबर होता का, तर तेही मला ठरवता आलेलं नाही. सही आणायला ते गेले होते, पगार मी घेतोय.

नानांचा परवा फोन आला होता, दादांची साखर किती आली विचारायला. थोरल्याला फोन द्या म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण म्हणालो नाही. परत जाणार का म्हणाल तर बघू. गेलो तर रिपोर्ट मोबाईलमध्ये घेऊन जाईन.