‘ही माहिती तशीही मिळतेच’: ब्राउझर-रिव्ह्यूचा माझा अनुभव

क्रोमियमचं, म्हणजे गूगल क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या ब्राउझर-कोडचं, नवं व्हर्जन २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागलं. पुण्यातली आमची छोटी टीम त्यावर ऑफिसांसाठीचा ब्राउझर बांधते. प्रत्येक व्हर्जनमध्ये आलेली नवी फीचर्स चालू ठेवायची की बंद, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची सुरक्षा आणि खासगीपणाची प्रश्नावली समोर ठेवली की बरीचशी फीचर्स चहा संपेपर्यंत उरकतात. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझं डोकं फिरवलं ते फाँटने. २०२२ मध्ये क्रोम १०३ सोबत, तुमच्या कॉम्प्युटरवर कोणकोणते फाँट आहेत ती यादी वेबसाइटला मागता येईल असं फीचर आलं. ब्राउझरमध्ये डिझाइन करणाऱ्यांना ते हवं होतं, आणि त्यांची गरज खोटी नव्हती. पण आमच्या फॉर्ममधल्या ‘फिंगरप्रिंटिंगची जोखीम’ (म्हणजे मशीनच्या बारीकसारीक खुणांवरून माणूस ओळखला जायची जोखीम) या रकान्यात मागणी करणाऱ्या टीमने लिहिलं, ‘नवीन काही नाही. ही माहिती तशीही मिळतेच.’ आणि रिव्ह्यू बंद. मी पुन्हा उघडला, त्यांनी पुन्हा बंद केला. मेलला उत्तर नाही, मीटिंगला ‘पुढच्या आठवड्यात बघू’. तोवर पुढचं व्हर्जन दारात.

‘तशीही मिळतेच’ हे अर्धसत्य आहे, म्हणून तर ते इतकं चिवट. आज वेबसाइट एखादा शब्द ठरावीक फाँटमध्ये लिहून त्याची रुंदी मोजते. रुंदी बदलली, तर तो फाँट तुमच्याकडे आहे. पण त्यासाठी फाँटचं नाव आधी माहीत असावं लागतं. जे नाव सुचलंच नाही, ते सापडत नाही. नव्या फीचरमध्ये सुचायची गरजच नाही, सगळी यादी आयती हातात येते.

मॅनेजर म्हणाले, “आकड्यात सांग.” सांगितलं. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले होते. त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. एकट्या फाँटच्या यादीतून १३.९ बिट माहिती मिळत होती, म्हणजे साधारण पंधरा हजारांत एक माणूस वेगळा काढण्याइतकी. २० बिट झाले की दहा लाखांत एक. तेव्हा ती यादी ब्राउझरला जोडलेल्या फ्लॅश किंवा जावा या प्लगइनकडून यायची. फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. म्हणजे मिटलेलं दार आपण पुन्हा उघडतोय आणि वर म्हणतोय की ते उघडंच होतं! यावर उत्तर आलं, “पण आता परवानगी विचारतात ना.” विचारतात, खरं आहे. पण डिझाइनची साइट विचारते तेव्हा माणूस ‘हो’ म्हणणारच, काम अडलेलं असतं त्याचं.

शेवटी वाद सोडला आणि आमच्याच डिझायनरला विचारून तिच्या लॅपटॉपवर चाचणीचं पान चालवलं. यादीत जुने मराठी डीटीपीचे फाँट ढिगाने होते. भाषा आणि धंदा दोन्ही कळले. आणि मध्येच एका ग्राहकाच्या नावाचा खास बनवून घेतलेला फाँट. त्या ग्राहकासोबतचं काम अजून जाहीर झालेलं नव्हतं. मॅनेजरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, “बंद ठेवा.” एवढे आकडे मांडून जे झालं नाही ते एका नावाने झालं. राग आला, पण खरं सांगायचं तर मजाही वाटली. आता ते फीचर मुळात बंद असतं आणि मोजक्या डिझाइन साइटनाच मोकळं आहे.

तर हे काम गळ्यात पडलं, तर आधी खऱ्या माणसाच्या मशीनवर चालवून बघा. टेस्टिंगच्या कोऱ्या मशीनवर सगळी फीचर्स निरुपद्रवीच दिसतात.

बॅटरीचं उदाहरण खिशात ठेवा. बॅटरीची पातळी सांगणाऱ्या फीचरच्या मूळ दस्तऐवजातच लिहिलं होतं की खासगीपणावर परिणाम नगण्य, म्हणून परवानगी नको. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की लिनक्सवरचा फायरफॉक्स ती पातळी दशांशानंतर ढीगभर आकडे देऊन सांगतो, आणि त्यावरून माणसाचा माग काढता येतो. २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने वेबसाइटना ती माहिती देणंच थांबवलं. ‘नगण्य’ शब्द दिसला की हे पुढे करायचं.

पूर्ण बंद करणं जमत नसेल तर आकडा जाडाभरडा करायला लावा. मशीनची मेमरी सांगणारं फीचर आलं तेव्हा आकडा जवळच्या टप्प्यावर नेऊन ८ जीबीपाशीच थांबवला होता. तेवढ्यावर बहुतेक साइटचं काम भागतं.

आणि हो, आधी सांगायला हवं होतं: रकान्यात ‘कमी / मध्यम / जास्त’ एवढंच भरू देऊ नका. ‘कोणाला, काय, किती बारीक आणि आज दुसरीकडून मिळतंय तर नेमकं कुठून’ हे लिहून घ्या. आमच्या फॉर्ममध्ये मी हे चार प्रश्न घातलेत. चौथ्यापाशी लोक थबकतात, मग फोन करतात.